मृगाच्या आधीची मदत

अतिवृष्टीचे वर्ष असले की दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईच्या परिचितांचे फोन येऊ लागतात. शेतकऱ्यांसाठी काहीतरी करायचे आहे, पैसे कोणाकडे पाठवावेत, खात्रीचे माणूस सांगता का, असे ते विचारतात. त्यांच्या हेतूबद्दल मला कधीच शंका आलेली नाही. माझी नोकरी बँकेच्या कृषी कर्ज विभागात झाली, त्यातली बरीच वर्षे यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या शाखांत गेली, आणि निवृत्तीनंतर आम्ही काही जण घाटंजी-आर्णी भागातल्या मोजक्या गावांमध्ये कर्जात अडकलेल्या कुटुंबांबरोबर बसतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी त्यांना लगेच खाते क्रमांक देण्याऐवजी आधी दोन तारखा सांगतो आणि बहुतेकांची थोडी निराशा होते.

पहिली तारीख 31 मार्च, पीककर्ज फेडण्याची. दुसरी जूनच्या पहिल्या आठवड्यातली, मृग नक्षत्र लागण्याची. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षात या दोन तारखांच्या आधी हातात आलेल्या पाच हजारांची किंमत दिवाळीला आलेल्या पंचवीस हजारांपेक्षा जास्त असते, असे माझे मत अनेक वर्षे कर्जखाती पाहून बनले आहे. कर्जाची रक्कम किती, यापेक्षा ती कोणत्या दिवशी मागितली जाते आणि त्या दिवशी घरात काय असते, यावर छोट्या शेतकऱ्याचे पुढचे वर्ष ठरते.

31 मार्चचे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे. गावातली विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, जिला सगळे सोसायटी म्हणतात, ती जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या पैशातून पीककर्ज वाटते. काही शेतकऱ्यांची खाती थेट राष्ट्रीयीकृत बँकेत असतात. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्ह्यांच्या मध्यवर्ती बँका डबघाईला आल्यानंतर तिथल्या शेतकऱ्यांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात उभे राहण्यावाचून पर्याय उरला नाही, ही त्या भागाची जुनी जखम आहे. केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांमुळे तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्के व्याजाने पडते. कागदावर पाहिले तर याहून स्वस्त पैसा देशात कोणालाही मिळत नाही. अट एकच आहे, मुदतीत फेडण्याची.

आता तीन एकर कापूस आणि दोन एकर सोयाबीन असलेले कुटुंब घेऊ. कोरडवाहू कापूस समजा एकरी चार क्विंटल आला, म्हणजे बारा क्विंटल झाला, आणि गावात आलेल्या व्यापाऱ्याला सात हजारांनी दिला, तर 84,000 रुपये हाती येतात. वेचाईचा दर किलोमागे दहा रुपये धरला तरी बारा हजार वेचणाऱ्या बायांच्या मजुरीतच जातात. उरलेल्या रकमेतून कृषी केंद्राची उधारी, किराणा, मुलीची फी आणि दवाखाना भागवायचा असतो. फेब्रुवारीत तूर येते तोवर कापसाचा पैसा बहुतेक संपलेला असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीचा गटसचिव दारात येतो, तेव्हा ज्याला ‘नवे-जुने’ म्हणतात ते करावे लागते. जुने कर्ज भरून टाकायचे आणि एप्रिल-मे महिन्यात नवे उचलायचे. भरायला पैसा नसतो, म्हणून तो काही दिवसांसाठी सावकाराकडून महिना तीन किंवा पाच टक्क्यांनी आणायचा.

बँकेने नवे कर्ज आठवड्याभरात दिले तर हा व्यवहार निभावतो. पण शाखेत माणसे कमी असतात, सर्व्हर बंद असतो, सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे दिले की चतुःसीमेचा नकाशा मागितला जातो, तो दिला की शेजारच्या सगळ्या बँकांचे थकबाकी नसल्याचे दाखले मागितले जातात, आणि यात मे महिना उजाडतो. शून्य टक्क्याच्या कर्जासाठी शेतकरी दोन महिने सावकाराचे व्याज भरत राहतो आणि ते व्याज बँकेच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. मी नोकरीत असताना पीककर्जाची ‘शंभर टक्के वसुली’ दाखवणाऱ्या शाखेचे कौतुक होत असे. त्या वसुलीत सावकाराचा पैसा किती होता, हे कोणी विचारत नसे.

ज्याला नवे-जुने जमत नाही तो थकबाकीदार ठरतो. व्याजाची सवलत जाते, दोन हंगाम उलटले की खाते बुडीत वर्गात टाकले जाते, आणि नवे कर्ज बंद होते. एकदा हे झाले की पुढची सगळी घसरण मृगाच्या तोंडावर सुरू होते, कारण पेरणी कोणासाठी थांबत नाही. 2025 च्या खरिपात बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत सरकारने 901 रुपये ठरवली होती आणि एकराला साधारण दोन पाकिटे लागतात. बियाणे तेवढ्यावर भागते, पण खत, तणनाशक, फवारणी आणि डवऱ्याची, म्हणजे आंतरमशागतीची मजुरी त्यामागून येतेच. पैसा नसलेला माणूस तालुक्याच्या कृषी केंद्रात जातो. तिथे उधारीचा दर रोखीच्या दरापेक्षा वेगळा असतो, तो दर कुठे लिहिलेला नसतो, आणि अनेक ठिकाणी माल त्याच दुकानदाराला किंवा त्याच्या भावाला विकावा लागेल हे न बोलता ठरलेले असते. दुकानदारांना सरसकट दोष देण्याचे कारण नाही. कंपन्या त्यांच्याकडून आगाऊ पैसे घेतात आणि गावातली उधारी बुडाली तर ती त्यांच्याच अंगावर येते. पण या व्यवस्थेत शेतकऱ्याने कोणते बियाणे लावावे आणि कोणते औषध फवारावे, हे ठरवणारा उधारी देणारा असतो, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीच्या वर्षी फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या सल्ल्याची किंमत काय असते ते सगळ्यांनी पाहिले.

थकबाकीदार झालेला माणूस हमीभावापासूनही दूर जातो, ही गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. वर केलेल्या हिशोबातले बारा क्विंटल या दराने गेले असते तर 97,320 रुपये झाले असते, म्हणजे तेरा हजारांचा फरक. पण भारतीय कापूस महामंडळाकडे, म्हणजे सीसीआयकडे माल द्यायचा तर सातबारावर कपाशीची नोंद हवी, ती ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइलवरच्या पीकनोंदणीतून झालेली हवी, त्या हंगामात मोबाइल ॲपवर नावनोंदणी हवी होती, आर्द्रता आठ टक्क्यांच्या वर गेली की दर कापला जातो आणि बाराच्या वर गेली की माल परत येतो. या अटी पुरी करणारेही अनेक जण व्यापाऱ्याकडे जातात, कारण सीसीआयचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि थकलेल्या खातेदाराचे पैसे बँक ‘होल्ड’ करून ठेवते. अनुदान आणि पीकविम्याची रक्कम कर्जात वळती करू नये असे आदेश सरकार वेळोवेळी काढते, तरीही खाते गोठलेले आढळते. रोख देणारा व्यापारी क्विंटलमागे हजार रुपये कमी देत असला, तरी ते पैसे संध्याकाळी घरी येतात. शेतकऱ्याला भाव कळत नाही म्हणून तो व्यापाऱ्याला माल देतो, असे शहरात बसून म्हणणाऱ्यांनी एकदा कापूस संकलन केंद्रावर रात्र काढावी.

कर्जाचा तिसरा थर बायांच्या नावावर चढतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सूक्ष्म वित्त कंपन्यांची माणसे मोटारसायकलवरून गावोगाव पोहोचली. त्यांना सगळे ‘फायनान्सवाले’ म्हणतात. दहा-बारा बायांचा गट करायचा, एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता भरायचा. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर असते. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता दर आठवड्याला मागितला जातो, त्यामुळे तो मजुरीतून किंवा दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो. सावकारापेक्षा हे बरे, असे मीही एका काळी कार्यशाळांतून ऐकत असे. आज एकाच घरात तीन-चार कंपन्यांची पासबुके पाहिल्यावर ते वाक्य ऐकवत नाही. हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बाया दारात येऊन बसतात. शेजारणीच वसुली करू लागल्या की घराला रात्रीही विसावा मिळत नाही.

इथे कायद्याची माहिती कामाला येते. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. शेतजमिनीबाबतही असेच आहे. घर किंवा दुकान तारण असले की बँका ज्या सरफेसी कायद्याने न्यायालयात न जाता जप्ती करतात, तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. सोसायटीची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली होते आणि तिलाही नोटीस, सुनावणी, दाखला असे टप्पे आहेत. बँकेचे पत्र आले म्हणजे उद्या शेत गेले, या भीतीने माणसे आजारी पडलेली मी पाहिली आहेत. ते पत्र त्यांच्यासमोर बसून वाचले आणि त्यात नेमके काय लिहिले आहे ते सांगितले, तरी निम्मी भीती तिथेच उतरते.

सावकारीच्या बाबतीत कागद जास्त अवघड असतो, कारण तो मुद्दाम खोटा केलेला असतो. जमीन गहाण न टाकता तिचे सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि तोंडी सांगायचे की पैसे फेडलेस की परत नावावर करून देतो, ही पद्धत जुनी आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 ने अशा खरेदीखताची चौकशी करण्याचा आणि ते प्रत्यक्षात कर्जाचे तारण होते असे सिद्ध झाल्यास जमीन शेतकऱ्याला परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. चक्रवाढ व्याजाला बंदी आहे, आणि व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. अर्जासोबत काय जोडायचे, यावर बरेच काही अवलंबून असते. खरेदीखतानंतरही वहिती कोणाची होती, पीकपेरा कोणाच्या नावाने लागला, त्या वर्षीचा जमिनीचा बाजारभाव काय होता आणि खतात किती लिहिला, शेजारच्या धुऱ्यावरचा शेतकरी जबाब द्यायला तयार आहे का, या गोष्टी गोळा करायला महिने लागतात. वकिलाची फी भरणारा दाता मिळतो, पण तलाठी कार्यालयात जाऊन दहा वर्षांचे सातबारे काढून आणणारा माणूस मिळत नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे घेरली, तेव्हा त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि ते हाती पडताच त्यांनी ते फाडले व जाळले. त्यातून 1879 चा दख्खन कृषक कायदा आला. दीडशे वर्षांनंतरही भांडण कागदावरच येऊन थांबते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

कर्जमाफीबद्दल मला विचारतात, म्हणून थोडक्यात लिहितो. ती द्यावी की नाही, या वादात मी पडत नाही; बुडणाऱ्याला आधी बाहेर काढावे लागते. पण तिचे निकष ज्याने आखले त्याला कोरडवाहू शेती ठाऊक नव्हती, असे दर वेळी वाटत आले आहे. 2008 च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी मिळाली आणि त्यावरच्यांना पंचवीस टक्क्यांची सूट, तीही बाकीची रक्कम भरली तर. पश्चिम महाराष्ट्रातल्या चार एकर ओलिताच्या उसापुढे घाटंजीतली सात एकर बरड जमीन काहीच नाही, तरी सात एकरवाला मोठा शेतकरी ठरला. राज्याच्या 2017 च्या योजनेत दीड लाखांची मर्यादा आली. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ती दोन लाख झाली, पण व्याजासह थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेला शेतकरी त्यातून पूर्णच वगळला गेला. व्याज चढल्यामुळे माफी हुकलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा दोष एवढाच होता की ते जास्त काळ अडचणीत होते. सावकाराचे, कृषी केंद्राचे आणि फायनान्सवाल्यांचे कर्ज यांपैकी एकाही योजनेत बसले नाही. बसणारही नव्हते म्हणा.

घरातला कर्ता माणूस आत्महत्येने गेल्यानंतरच्या घरांबद्दल लिहिताना हात जड होतो, तरी ते टाळता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाचा 19 मार्च 1986 रोजी झालेला शेवट राज्याला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी आजही अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या घरांची यादी फार मोठी आहे. अशा घराला शासनाकडून मिळणारी एक लाखाची मदत जानेवारी 2006 च्या निर्णयाने ठरलेली आहे. त्यातले तीस हजार हातात मिळतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात. ती मिळण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते, नापिकीमुळे ते फेडता आले नाही, आणि वसुलीचा तगादा होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. कर्ज बिनपरवाना सावकाराचे असेल, किंवा जमीन वडिलांच्या नावावर आणि कर्जही त्यांच्याच नावावर असेल, तर प्रकरण अपात्र होण्याची शक्यता मोठी. पंचनाम्याच्या दिवशी, घर सुतकात असताना, या तीन गोष्टींचे कागद कोणी शोधून द्यायचे? त्या आठवड्यात जवळ बसणारा आणि सोसायटीचा उतारा, बँकेची नोटीस, नापिकी दाखवणारा पैसेवारीचा दाखला एकत्र करणारा कोणी असेल, तर निकाल बदलू शकतो.

यानंतर वारस नोंदीचा प्रश्न येतो आणि तो मदतीच्या धनादेशापेक्षा कितीतरी मोठा असतो. नवऱ्याचे नाव सातबारावर असेल तर पत्नी, मुले आणि सासू यांची वारस म्हणून नोंद व्हायला कायद्याची अडचण नाही. अर्ज करायला कोणीतरी हवा असतो, इतकेच. पण बहुतेक घरांत जमीन सासऱ्याच्या नावावर असते. मग नोंद घ्यायलाच काही नसते, आणि वाटणी हवी तर घरातल्या सगळ्यांची संमती लागते, तेव्हा तहसीलदार महसूल संहितेच्या कलम 85 खाली ती करून देऊ शकतात. दीर आणि सासरे संमती का देत नाहीत, हे सांगायची गरज नाही. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 स्त्रियांशी बोलून केलेल्या पाहणीत चाळीस टक्के स्त्रियांना नवरा कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. जमीन नावावर नाही म्हणजे पीककर्ज नाही, पीकविमा नाही, सीसीआयला कापूस देता येत नाही, आणि प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे सहा हजारही नाहीत. शेत मात्र तीच कसते. आर्णी तालुक्यातल्या एका ताईंना आम्ही पहिल्या भेटीत विचारले, की कशाची गरज आहे. त्या म्हणाल्या, “भाऊ, पैशायचं राहू द्या, तहसीलात संगं चाला. एकटीले कोणी बसाले बी म्हनत नाही.” शिलाई मशीन त्यांच्या घरात आधीच दोन होती, दोन वेगवेगळ्या संस्थांनी दिलेली. दोन्हींवर पोती ठेवलेली होती, कारण गावात कपडे शिवून घेणारे तेवढे लोकच नाहीत.

यावरून आमच्या कामाची रीत ठरली. देणगीदारांनी दिलेल्या पैशाचा एक छोटा फिरता निधी आहे आणि तो वर्षातून दोनदा बाहेर पडतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवे-जुने करणाऱ्यांना बिनव्याजी रक्कम मिळते, ती नवे कर्ज मंजूर झाले की परत येते. ती देण्याआधी आमच्यातला एक जण शाखेत जाऊन नव्या कर्जाची कागदपत्रे पूर्ण आहेत ना, हे पाहून येतो, नाहीतर आमचाच पैसा सावकारासारखा शेतकऱ्याच्या मानेवर बसायचा. मे महिन्यात ज्यांची खाती थकलेली आहेत त्यांना बियाणे आणि पहिल्या खतापुरते पैसे मिळतात. ते रोखीने खरेदी करतात, पक्के बिल घेतात, आणि बियाणे बोगस निघाले तर तक्रारीला त्या बिलाचा आधार राहतो. कोणाला द्यायचे हे गावातल्या पाच बाया ठरवतात. कोणाच्या घरात खरी अडचण आहे आणि कोण नुसते तोंड वाजवतो, हे त्यांच्याइतके आम्हाला कधीच कळणार नाही.

सोयाबीन आणि तूर यांच्यासाठी आणखी एक वाट आहे आणि ती आश्चर्य वाटावे इतकी कमी वापरली जाते. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने उचलायची आणि सहा महिन्यांत भाव पाहून विकायचे. काढणीच्या आठवड्यात सोयाबीन पडेल भावात जाते ते टाळण्याचा हा सरळ मार्ग. पण दहा पोत्यांसाठी कोणी ट्रॅक्टर करून तालुक्याला जात नाही. दहा घरांची शंभर पोती एकत्र केली तर भाडे परवडते. ही जुळवाजुळव करायला ऑक्टोबरात गावात माणूस हवा. दिवाळीच्या सुट्टीत गावी येणाऱ्या नोकरदार मुलांना मी हेच काम सांगतो, आणि त्यांच्यातले काही जण ते उत्तम करतात. शहरात राहणाऱ्यांनी एखाद्या गटाकडून वर्षाची तूरडाळ आधीच पैसे भरून घ्यावी, हीसुद्धा चांगली मदत आहे, फक्त पैसे पेरणीच्या आधी द्यावेत आणि डाळ मार्चमध्ये घ्यावी. नेहमीच्या किराण्याप्रमाणे उलटे केले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

एक सूचना मात्र स्पष्टपणे करतो. मदत देतानाचे फोटो काढू नका. ज्या माणसाने सोसायटीच्या सूचना फलकावर थकबाकीदारांच्या यादीत आपले नाव वाचलेले असते, त्याला धनादेश हातात धरून दुसऱ्यांदा उभे करण्यात कसली मदत? तो फोटो तालुक्याच्या प्रत्येक मोबाइलवर जातो आणि मुलीचे लग्न ठरवताना पाहुण्यांच्याही हाती लागतो.

आणि माणूस गप्प गप्प राहू लागला, शेतात जायचे टाळू लागला, देण्याघेण्याचे हिशोब अचानक मिटवू लागला, तर कागद बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोलावे. गावातली आशाताई अशी घरे ओळखते, तिला विचारावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आम्ही तो पीककर्जाच्या अर्जाच्या पाठीमागे छापून देतो, म्हणजे ज्याला हवा आहे त्याला तो मागावा लागत नाही.

पाऊस दगा देतो त्या वर्षी मे महिन्याचा पैसा परत येत नाही, असे झालेले आहे आणि पुढेही होईल. तेव्हा त्याच पाच बाया बसून मुदत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, तुरीच्या काढणीपर्यंत वाढवतात. व्याज नसल्यामुळे रक्कम वाढत नाही, आणि थकला म्हणून कोणाला पुढच्या मृगात वगळलेले नाही. निधी त्यामुळे काही वर्षी आटतो आणि तो भरून काढण्यासाठीच मी दिवाळीला फोन करणाऱ्यांकडे पैसे मागतो. पण पैशाहून कमी पडतात ती माणसे. सातबारा, आठ-अ आणि बँकेचा खातेउतारा वाचता येणारा, आणि दुपारभर शाखेच्या बाकावर बसायची तयारी असणारा कोणीही आम्हाला चालतो. शेती कळलीच पाहिजे असे नाही. नवे-जुने करणाऱ्यांची यादी मार्चच्या मध्यावर होते आणि खरीप कर्जाचे कागद एप्रिलच्या सुरुवातीला जमा होऊ लागतात, म्हणून ज्यांना यायचे असेल त्यांनी होळीच्या आसपास कळवावे, राहण्याची सोय गावात होते.